थोरलीचा वाटा

लॉन्ड्रीतल्या बायका तिला माई म्हणायच्या आणि ते नाव त्यांनी तिच्या मुलीकडून उचललं होतं. मुलगी म्हणजे चिंगी. आणि मुलगी म्हणजे सावत्र, हे सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, कारण माईला स्वतःलाच ते कधी विसरता आलं नव्हतं.

माई लग्न होऊन या घरात आली तेव्हा चिंगी पाच वर्षांची होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, अबोल, अंगाला कायम ग्रीसचा वास. त्याची पहिली बायको वारून वर्ष झालं होतं. शेजारणींनी पोरीला पुढे ढकललं आणि सांगितलं, हिला आई म्हणायचं बरं का. पोरीने नवीन बाईकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "मला आहे आई. ती वारली." दोन-तीन दिवस तिने काहीच हाक मारली नाही. मग तिचं तिनेच 'माई' ठरवलं. आईला नुसता एक 'म' लावला. पण तेवढ्या 'म'मध्ये माईला सगळं अंतर ऐकू यायचं.

'चिंगी' हे नावही पहिलीनेच ठेवलेलं. माईने ते बदलायचा प्रयत्न करून पाहिला. सोनू, सोनू म्हणून महिनाभर हाका मारल्या. पोर मान वर करायची नाही. बहिरी असल्यासारखी खेळत राहायची. शेवटी भात करपायला लागला तेव्हा माईने वैतागून "चिंगे, गॅस बंद कर!" म्हटलं आणि पोर धावत आली. तो विषय तिथेच संपला.

पहिलीला आजूबाजूचे सगळे 'थोरली' म्हणत. थोरली भिंतीवर होती, फोटोत. पिवळा स्वेटर, वाऱ्याने विस्कटलेले केस, एका गालाला खळी पाडून कुणाकडे तरी बघून हसणारी. माईने तो फोटो आधी बाहेरच्या खोलीतून आत नेला, मग आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला, जिथे दार उघडलं की तो झाकला जाई. नवऱ्याने कधी विचारलं नाही. काढून टाकायची मात्र तिची छाती झाली नाही. वर्षं गेली. माईच्या कानशिलांवर पांढरं चढलं, कंबर रुंदावली, लॉन्ड्रीतल्या वाफेने हाताची सालं निघाली. भिंतीवरची बाई आपली सव्वीसची ती सव्वीसचीच.

सवत मातीचीही नको म्हणतात. हिची तर माती होऊन गेली होती, तरी सुटका नव्हती. चिंगी मोठी होत गेली तसतशी थोरली तिच्यातून वर यायला लागली. आधी केस, मग खळी, मग ते एका बाजूने हसणं. गोवर झाला तेव्हा उशाशी बसली माई. शाळेत पाढे चुकले म्हणून बोलणी खाल्ली माईने. संध्याकाळी पोरीला लॉन्ड्रीत बसवून, हॉटेलांच्या चादरींच्या ढिगाआड अभ्यास करवून घेतला माईने. आणि रस्त्यात कुणी भेटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगदी आईवर गेलीय हो पोरगी!" माई हसायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लॉन्ड्रीत मोठ्या रोलरवर दोघींना मिळून काम करावं लागतं. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची, गरम रोलरमध्ये सरळ सोडायची. माईची जोडीदारीण तिच्याहून वयाने मोठी होती आणि तोंडाने फाटकी. ती एकदा म्हणाली, "तू जितीजागती, ती भिंतीवर. तुला गं काय कमी पडतंय?"

"भिंतीवरचं माणूस चुकत नाही," माई म्हणाली. "मी रोज चुकते."

चिंगी एकोणीस वर्षांची झाली त्या वर्षी तिची मावशी आली. थोरलीची धाकटी बहीण. मेहुण्याने दुसरं लग्न केल्यावर तिने या घराशी संबंध ठेवला नव्हता. तो राग होता की दुःख, हे माईला कधी कळलं नाही. तिने दारात उभं राहून स्वतःची ओळख करून दिली, पण तशी गरज नव्हती. तीच खळी. चेहरा ओढलेला, डोक्याला रुमाल, चालताना एक हात पोटावर. तिच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन काही महिने झाले होते.

ती पाहुणचाराला आलेली नव्हतीच. पाणी पिऊन झाल्यावर तिने सरळ सांगितलं. तिला आतड्याचा कॅन्सर निघाला होता, लवकर सापडला म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी घरातली दुखणी विचारली तेव्हा तिने वडिलांचं सांगितलं, काकांचं सांगितलं आणि ताईचं. मग रक्त तपासलं. दोष जनुकातला निघाला, पिढीजात, वडिलांकडून आलेला. ताईलाही तोच असणार. आणि ताईकडून चिंगीला आला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. नाणं उडवावं तशी.

चिंगीला आजवर एवढंच माहीत होतं की आई पोटाच्या दुखण्याने गेली. तिने बापाकडे पाहिलं. तो खाली बघून म्हणाला की कॅन्सर होता हे त्याला माहीत होतं, पण तो असा वाटून येतो हे कुणी सांगितलं नव्हतं. लहान पोरीला काय सांगायचं म्हणून तेव्हा राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

माई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भीती तिला वाटलीच. पण तिला स्वतःचीच लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. चिंगी उठून मावशीच्या शेजारी जाऊन बसली होती. मावशी ताईच्या लहानपणचं काहीतरी सांगत होती, ताई झाडावरून पडली आणि वर दोष झाडाला दिला, असलं काही. दोघी एकदम हसल्या, एकाच बाजूने. अशी बातमी ऐकूनही हसल्या. चौदा वर्षांत चिंगी माईशी बोलताना पुष्कळदा हसली होती, पण दोघींचं हसणं असं जुळलं नव्हतं. जुळणार तरी कुठून?

दुसऱ्याचं चांगलं पाहून पोटात दुखतं म्हणतात ना, तसं माईच्या पोटात आयुष्यभर थोरलीपायी दुखत आलं होतं. आणि थोरलीच्या पोटात मात्र खरोखरच दुखत होतं, हे त्या दिवशी तिला पहिल्यांदा नीट कळलं. तरीही आपलं दुखणं थांबत नाही, हेही कळलं.

तपासणीआधी इस्पितळातल्या जनुकांच्या डॉक्टरीणबाईंना भेटायचं होतं. माईने रजा घेतली. खोली लहान होती, चार खुर्च्या, एक टेबल, खिडकीत पाण्याअभावी सुकलेलं रोप. डॉक्टरीणबाई तरुण, चष्मेवाल्या, बोलायला गोड. त्यांनी कागद घेतला आणि घराण्याची आकृती काढायला सुरुवात केली. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. ज्यांना दुखणं झालं ते रंगवायचे, गेलेल्यांवर तिरकी रेघ. चिंगीचे आजोबा, रंगवलेला चौकोन, रेघ. आजोबांचा भाऊ, तसाच. थोरली, रंगवलेला गोल, रेघ. मावशी, रंगवलेला गोल. बाप, कोरा चौकोन. खाली चिंगी, एक छोटा गोल, मध्ये प्रश्नचिन्ह.

मग बाईंनी पेन वर धरून माईकडे पाहिलं. "आणि तुम्ही?"

"मी आई," माई म्हणाली.

बाई क्षणभर थोरलीच्या गोलाकडे बघत राहिल्या. चिंगीच्या बापाने घसा खाकरून सांगितलं, की ही दुसरी. "अच्छा," बाई समजुतीने म्हणाल्या आणि पेन टेबलावर ठेवलं. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. तो कागद रक्ताचा होता.

पुढचं सगळं माईने ऐकलं, तेही त्या कागदाकडे बघत. बाई समजावून सांगत होत्या. आपलं शरीर पेशींचं बनलेलं. पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात. पण ही वाढ कुठेतरी थांबावी लागते. पेशीला 'आता पुरे' म्हणणारी काही जनुकं असतात. ती आपलं काम चोख करतात तोवर गाठ होत नाही. चिंगीच्या आईच्या घराण्यात नेमकं असलंच एक जनुक बिघडलेलं आहे. त्याचं काम आतड्याच्या अस्तरात फार, कारण तिथे जुन्या पेशी सतत झडतात आणि नव्या येतात.

"पण आईकडून बिघडलेलं आलं असलं, तरी माझ्याकडून चांगलं गेलं असेल ना?" बापाने विचारलं. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच निघे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर. प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक जरी शाबूत असली तरी ती पेशी ताब्यात राहते.

"म्हणजे दोन दोरांची लिफ्ट," बाप म्हणाला. "एक तुटला तरी खाली येत नाही."

"हो. पण हिच्या बाबतीत, दोष आला असेल तर, सगळ्या पेशी जन्मापासून एकाच दोरावर आहेत. आतड्यात पेशी अगणित. त्यातल्या एखादीत कधीतरी उरलेली प्रतही बिघडते. मग तिला आवरणारं कुणी राहत नाही. ती वाढत सुटते, तिथे लहानसा मोड येतो. एक मोड म्हणजे कॅन्सर नव्हे. पण असे पुष्कळ येतात, आणि वर्षानुवर्षं राहिले की त्यातला एखादा पुढे वाईट वळण घेतो." म्हणून दुर्बिणीने आतडं तपासत राहायचं, मोड काढायचे, आणि फारच झाले तर वेळेवर मोठं आतडंच काढून टाकायचं. थोरलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. चिंगीला सांगणारं आता माणूस होतं, एवढाच फरक. पण तो जीव वाचवण्याइतका मोठा होता.

रक्त दिलं. परत येताना बसमध्ये माईच्या मनात एक विचार आला. तो तिने पुढे फक्त रोलरवरच्या जोडीदारणीला सांगितला, तोही चादरीआड तोंड लपवून. विचार असा की, हे दुखणं माझ्याकडून गेलं असतं तर? रंगवलेला का होईना, त्या कागदावर आपला एक गोल असता.

जोडीदारणीने चादर ताणून धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. मग म्हणाली, "तुझं डोकं ठिकाणावर नाही."

"नाहीच," माई म्हणाली.

निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्या आठवड्यांत चिंगी रोज मावशीला फोन करायची. कपाटाशेजारचा फोटो काढून तिने आपल्या टेबलावर ठेवला. बापाला खोदून खोदून विचारायची, आईला काय आवडायचं, आई कशी चिडायची. आणि तो मुखदुर्बळ माणूस सांगायचा! चौदा वर्षांत माईशी तो जितकं बोलला नव्हता तितकं त्या दिवसांत थोरलीबद्दल बोलला. माई भांडी घासता घासता ऐकायची. थोरलीला गाणं येत नव्हतं तरी ती गायची. थोरली पत्त्यांत लबाडी करायची. माईला वाटायचं, लबाडी मीही केली असती, पण माझ्याशी पत्ते खेळलं कोण?

निकाल चांगला यावा असं तिला मनापासून वाटत होतं. पोरगी सुखरूप राहावी म्हणून वाटत होतं, यात तिळमात्र खोटं नव्हतं. पण त्या इच्छेच्या तळाशी एक दुसरी इच्छा दबा धरून होती, की थोरलीचा एक वाटा तरी कमी निघावा. केस तिचे, खळी तिची, हसणं तिचं. आता आतही तीच असू नये.

निकाल आला. दोष होता.

घरी आल्यावर बाप गॅलरीत जाऊन उभा राहिला. चिंगी रडली नाही. टेबलापाशी बसून फोटोकडे बघत म्हणाली, "आईचं आहे. तिचं काहीतरी माझ्यात जिवंत आहे, असं वाटतंय. वेडेपणा आहे ना?"

माईच्या तोंडातून जे निघालं ते आवरायला तिच्याजवळ त्या वेळी काही नव्हतं.

"काय दिलं गं तिने तुला?" ती म्हणाली. "हेच दिलं ना? बाकी सगळं मी केलं."

चिंगीने फोटो पालथा घातला, पुन्हा सरळ केला. मग अगदी हळू म्हणाली, "दुर्बिणीच्या तपासणीला मी मावशीबरोबर जाते. तिला त्यातलं कळतं." आणि उठून गेली.

माईने माफी मागितली नाही. मागायची कशी हेच तिला सुचेना. पुढचे दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलल्या.

तपासणीच्या दिवशी मावशी सकाळीच घरी आली. दुर्बिणीआधी आतडं साफ करायला एक औषध प्यावं लागतं, एक मोठा जग भरून पाण्यात कालवलेलं, चवीला खारट-गोड आणि किळसवाणं. दुपारपर्यंत ते संपवायचं होतं. चिंगी एक पेला प्यायची, तोंड वाकडं करायची आणि धावायची. न्हाणीघराचं दार आपटायचं. थोड्या वेळाने आतून "आई गं!" ऐकू यायचं. कळ आली की सगळेच म्हणतात, पण माई प्रत्येक वेळी भांड्यावरचा हात थांबवून ऐकायची, ही हाक कुणाला.

एकदा चिंगी वेळेवर पोचलीच नाही. दाराशीच घोळ झाला. मावशी उठायला गेली, पण पोट धरून परत बसली. माई पुढे झाली. पोरीला आत नेलं, धुतलं, कोरडं केलं, दुसरे कपडे घातले, फरशी पुसली. चिंगी शरमेने भिंतीकडे तोंड करून उभी होती. माई म्हणाली, "लॉन्ड्रीत हॉटेलच्या चादरी येतात, त्यात काय काय असतं तुला माहीत नाही. हे तर काहीच नाही." चिंगीला हसू फुटलं. हसता हसता पुन्हा कळ आली.

माई स्वयंपाकघरात येऊन हात धूत होती. मावशी मागून आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुमचा मला फार हेवा वाटतो," मावशी म्हणाली.

माईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मला मूल नाही. ताईची पोर तीच माझी, असं मनात धरून बसले होते. तुम्ही आलात म्हणून मी यायची बंद झाले. बघवत नव्हतं मला. आत्ता ती तुमच्या खांद्यावर अंग टाकून आत गेली ना, तशी माझ्या अंगावर नाही टाकणार कधी."

माईने नळ बंद केला. मावशी पुढे म्हणाली, "आणि ताईलाही वाटायचा. तुमचाच."

"माझा? मी कुठे होते तेव्हा?"

"कुणीतरी येणार हे तिला माहीत होतं. शेवटी शेवटी चिंगीची वेणी घालायलाही हात उचलत नव्हता तिचा. मला म्हणायची, जी येईल ना ती हिचे केस विंचरेल. मला आत्ताच तिचा जीव घ्यावासा वाटतो. आणि मग म्हणायची, पण केस नीट विंचरणारी असू दे. ओढणारी नको."

माईने हात पुसले. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर आधी अगदी दुष्ट बरं वाटलं, वर्षानुवर्षं हरत आलेल्या माणसाला एक डाव हाती लागावा तसं. भिंतीवरची ती सव्वीस वर्षांची हसरी बाई तिच्यावर जळत होती! मग ते बरं वाटणं हळूहळू विरलं आणि तिच्यापुढे आली बिछान्यात पडलेली, हात न उचलणारी बाई. तीही अशीच, दुसरीचा विचार करून तळमळणारी. माईला ती तळमळ आतून-बाहेरून ठाऊक होती.

"मी ओढायचे," माई म्हणाली. "सकाळच्या घाईत. शाळेची बस चुकायची."

"ताईही ओढायची," मावशी म्हणाली.

दुपारी तिघी इस्पितळात गेल्या. दुर्बिणीत मोड दिसले, एकदोन नव्हे, आतड्याच्या सगळ्या लांबीभर विखुरलेले. मोठे होते ते काढून तपासायला पाठवले. त्यात कॅन्सर निघाला नाही. पण डॉक्टर म्हणाले की सगळे काढून पुरे पडायचं नाही, वर्ष-दोन वर्षांत मोठं आतडं काढलेलं बरं. चिंगीने शिक्षणाचं वर्ष पुरं होईपर्यंत मुदत मागितली आणि तेवढी मिळाली.

त्या संध्याकाळी माईने तिला सांगितलं की मी जे बोलले ते बोलायला नको होतं. चिंगी म्हणाली, "हो, नको होतं." एवढंच. पोरीने लगेच गळ्यात पडावं अशी माईची फार इच्छा होती. ती पडली नाही. चार दिवसांनी मात्र तिने स्वतःहून विचारलं, लॉन्ड्रीतून पुढच्या वेळी रजा मिळेल का.

ऑपरेशन दीड वर्षाने झालं. मोठं आतडं काढलं, लहान आतडं खाली जोडलं. काढलेल्या भागाची तपासणी झाली, कुठेच काही वाईट वळलेलं नव्हतं. उरलेल्या टोकाची दुर्बिणीने वरचेवर तपासणी जन्मभर करावी लागणार होती. चिंगी त्याला 'माझी हजेरी' म्हणायची. सुरुवातीचे महिने दिवसातून कितीदा तरी पळावं लागायचं, मग अंग सरावलं. पुढे तिने नोकरी धरली. एका मुलाशी तिचं जुळायला लागलं तेव्हा तिने दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच त्याला सगळं सांगून टाकलं, दोष मुलांकडे जाण्याची निम्मी शक्यता धरून. तो पळाला नाही. माईला त्याचाही हेवा वाटायला लागला, पण तो सरळ होता, कुठल्याही आईला वाटतो तसा.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पातळ काहीतरी द्यायला परवानगी दिली, त्या दिवसाची गोष्ट मात्र सांगायला हवी. माईने घरून सूप करून आणलं. वॉर्डात येऊन बघते तर मावशीनेही आणलेलं. एक डबा इकडे, एक तिकडे, मध्ये पांढरीफटक चिंगी. तिने दोन्हींकडे पाहिलं आणि मावशीच्या डब्याकडे हात केला. म्हणाली, वास बरा येतोय.

माई आपला डबा घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. तोंड आंबट करून बराच वेळ बसून राहिली. मग झाकण उघडलं आणि स्वतःच प्यायला लागली. दोन घोट झाल्यावर तिच्या लक्षात आलं की मीठ जास्त पडलं होतं. तिने तो डबा शेवटपर्यंत संपवला.